लालावर हिरवा

९ जानेवारी

डायरी लिहिणारी माणसं मला नेहमीच जरा रिकामटेकडी वाटत आली. आज मात्र मीच वही उघडून बसले आहे. टीव्ही स्टुडिओच्या मेकअप रूममध्ये माझा सगळा जन्म गेला. बातम्या वाचणारे, चर्चेत भांडणारे, हवामान सांगणारे, सगळ्यांच्या तोंडावरून माझा हात फिरला. ही सगळी मंडळी घरी जाण्याआधी तोंड धुतात आणि माझं काम बेसिनमधून वाहून जातं. म्हटलं, एक तरी काम असं करावं जे उद्या सकाळी जागच्या जागी सापडेल.

बातमी अशी आहे की मला कॅन्सर झालाय. फुप्फुसाचा. लिहिलं बाई एकदाचं. मी जन्मात सिगारेट ओढलेली नाही. आमचे हे तर सिगारेटच्या वासाने खोलीतून उठून जायचे. तरीही झाला. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत आणि बोलतात पटापट. त्या म्हणाल्या, "काकू, न ओढणाऱ्यांनाही होतो. बायकांमध्ये तर बऱ्याच जणींना होतो. चूक कुणाची ते शोधत बसू नका."

मग त्यांनी गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट समजावून सांगितला. माझ्या गाठीतला एक जीन बिघडलाय. दिव्याचं बटण दाबलेलंच राहावं तसं त्याचं झालंय आणि पेशींना "वाढा, वाढा" असा हुकूम सारखा सुटत राहतो. या बटणावर नेमकी जाऊन बसणारी गोळी निघाली आहे. त्या गोळीचा नवा प्रकार कितपत चांगला आहे याचा अभ्यास बऱ्याच हॉस्पिटलांत मिळून चाललाय आणि त्यात मला घेतलंय. रोज एक गोळी, घरी बसून. दर थोड्या दिवसांनी रक्त काढायचं, कारण गाठीचे बारीक अंश म्हणे रक्तातही सापडतात. गाठ पार जाईल असं त्यांनी सांगितलं नाही. "दाबून ठेवू. जमेल तितकी वर्षं," म्हणाल्या. पूर्वी या आजारात वर्ष हा शब्द एकवचनी वापरायचे, हे मला माहीत आहे. आई याच आजारात गेली.

आणखीही पुष्कळ सांगितलं. पण माझ्या कानात एकच वाक्य राहिलं. "त्रास फार झाला तर गोळी थांबवावी लागेल."

१२ जानेवारी

आज पहिली गोळी घेतली. इतकी छोटी की कपाळाला टिकली म्हणून लावावी. ह्यांनी पाण्याचा ग्लास दिला आणि मी गिळेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले. ह्यांची ती सवयच आहे. स्टुडिओत साऊंड रेकॉर्डिस्ट होते. कुठलंही काम नीट करायचं म्हणजे डोळे मिटून कान द्यायचे, एवढंच ह्यांना ठाऊक. आमचं लग्न जमलं तेव्हाही हे डोळे मिटूनच बसले होते. माझे वडील म्हणाले, मुलगा झोपाळू दिसतो.

१९ जानेवारी

लेकीशी व्हिडिओ कॉल. ती विमानाने जावं लागतं इतक्या लांब राहते. कॉल सातला होता, मी सहालाच आरशासमोर बसले. हलका बेस, गालाला जरासा पीच, डोळ्यांखाली कन्सीलर. आजारी माणसाने आजारी दिसलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

"आई, तू तर माझ्यापेक्षा फ्रेश दिसतेस!" ती म्हणाली.

"आहेच मुळी," मी म्हटलं. बाजूला बसलेल्या ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

२७ जानेवारी

खोकला गेला! सहा महिने ज्याने घर हलवलं तो खोकला. सकाळी हे स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "काल झोपल्यापासून एकदाही नाही." मी म्हटलं, मोजत होता वाटतं? तर म्हणाले, "मोजत नव्हतो. ऐकत होतो." आम्ही दोघांनी टोस्ट खाल्ला आणि उगाचच हसत बसलो.

एक बारीक गोष्ट. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल पुटकुळ्या उठल्यात. सोळाव्या वर्षी आल्या होत्या, त्यानंतर आत्ताच. तरुण होत चालले आहे म्हणायचं.

३० जानेवारी

तरुण वगैरे काही नाही. नाक, गाल, हनुवटी, कपाळ, सगळीकडे पुरळ. खाज येते आणि आगही होते. नखांच्या कडासुद्धा सुजल्यात. उद्या तपासणी. मला डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य आठवलं. ज्या गोळीने खोकला घालवला ती गोळी चार पुटकुळ्यांसाठी माझ्याकडून काढून घेणार? मग ही माझी एवढ्या वर्षांची विद्या काय चुलीत घालायची?

३१ जानेवारी

आमच्या धंद्यातला पहिला धडा म्हणजे लालावर हिरवा. लालपणा गोऱ्या रंगाने झाकायला गेलं की तो राखाडी होऊन उठून दिसतो. आधी हिरवट करेक्टर लावायचा, अगदी पातळ. तो लालाला मारतो. मग त्वचेच्या रंगाचा बेस स्पंजने थोपटायचा, घासायचा नाही. मग पावडर. चांगला झाकलेला चेहरा झाकल्यासारखा दिसता कामा नये, हा दुसरा धडा. नखांना गडद मरून पॉलिश लावलं.

डॉक्टरीणबाईंनी हातभर अंतरावरून पाहिलं. "पुरळ? कोरडेपणा? नखांना त्रास?"

"छे हो."

"नशीबवान आहात. या गोळीने बहुतेकांना होतं."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "अगं, सांगायचं होतंस." मी म्हटलं, तुम्ही तुमचा माइक सांभाळा, मी माझी पावडर सांभाळते. रिटायर झाल्यापासून ह्यांच्याकडे माइकच नाही, हे मला नंतर आठवलं.

१४ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये एक मैत्रीण मिळाली. निवृत्त बस कंडक्टर. आवाज असा की पुढच्या दारातल्या माणसानेही सरकून घ्यावं. तीही याच अभ्यासात आहे, तिनेही कधी सिगारेट ओढली नाही. चेहरा मात्र टोमॅटोसारखा झालेला. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला साखरेची गोळी देतायत का काय? तोंडावर एक डाग नाही!"

मी तिला बाथरूममध्ये नेलं. माझी छोटी पेटी पर्समध्ये असतेच. बाहेर आलो तेव्हा ती आरशाजवळून हलेना. "अहो, नवऱ्याला ओळख पटायची नाही," म्हणाली. मी तिला माझं तत्त्वज्ञान सांगितलं, की दिसलं तर गोळी जाईल, म्हणून दिसू द्यायचं नाही. तिला पटलं. तिकीट न काढणारी माणसं तिने जन्मभर पकडली, पण स्वतः विनातिकीट जायची वेळ आली तेव्हा तीही खूश होती.

६ मार्च

आमचा गट वाढला. एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. आधी म्हणाले, "मी पुरुष माणूस, मला नको बुवा रंगरंगोटी." मी म्हटलं, रोज रात्री नऊला कडक आवाजात बातम्या देतो तो पुरुष पाहता ना? त्याच्या तोंडावर तुमच्यापेक्षा जास्त थर असतात. पुढच्या मिनिटाला खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. आता तपासणीच्या दिवशी आम्ही तासभर आधी जमतो. कंडक्टरबाई रांग लावते. "पुढे चला, पुढे चला," असं म्हणते आणि सगळे हसतात. कॅन्सरच्या वेटिंग रूममध्ये एवढं हसताना मी कुणाला पाहिलेलं नाही. बऱ्याच दिवसांनी वाटलं की माझा कुणाला तरी उपयोग आहे.

१३ मार्च

स्कॅन! गाठ अर्ध्याहून लहान झाली. दुसऱ्या फुप्फुसातले ठिपके तर शोधावे लागतात. रक्तातले गाठीचे अंशही जवळजवळ दिसेनासे झालेत. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली. मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांचा चेहरा कळला. चेहरे वाचणं माझं कामच आहे. तो मनापासून आनंदलेला होता. मी रडले. मेकअप वॉटरप्रूफ होता म्हणून निभावलं.

२२ मार्च

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गंमत बघा काकू. बाकीच्या हॉस्पिटलांत जवळजवळ प्रत्येकाला पुरळ उठतंय. आपल्या इथे एकालाही नाही. मी परवाच्या मीटिंगमध्ये हे मांडणार आहे. पाण्यात काही आहे का, खाण्यात काही आहे का, बघायला हवं."

मला इतका अभिमान वाटला! आमच्या हॉस्पिटलचं नाव होणार. कंडक्टरबाईला सांगितलं तर ती जरा विचारात पडली. "म्हणजे हे सगळं लिहून पुढे जातं का?" मी म्हटलं, जाऊ दे की, चांगलंच लिहितायत.

४ एप्रिल

स्टुडिओत मी अजूनही अधूनमधून कामाला जाते, पण तिथली लिफ्ट सारखी बंद असते. मालकांना सांगून झालं. तीन जिने चढायचे म्हणजे काय थट्टा आहे? मधल्या जिन्यावर मी फोन आल्याचं नाटक करून थांबते. हल्ली जिन्याच्या पायऱ्याही उंच बांधतात. पूर्वी नव्हत्या अशा.

९ एप्रिल

मेकअप रूममधली ट्यूबलाइट बदलायला हवी. आज स्वतःचा हात पुसायला गेले तर नखांच्या मुळाशी आणि ओठांना निळसर झाक दिसली. नव्या पांढऱ्या ट्यूबा अशाच असतात, सगळं प्रेतासारखं दाखवतात. निळ्यावर नारिंगी, हा तिसरा धडा. ओठांना पीच लावून वर गुलाबी लावली. झकास दिसलं.

११ एप्रिल

लेकीचा कॉल. ती पुढच्या आठवड्यात येणार होती. मी उशांचे अभ्रे धुवून ठेवले होते. ती म्हणाली, "आई, तू इतकी छान दिसतेस, रिपोर्टही चांगला आलाय. मग मी आत्ता येण्यापेक्षा जुलैत सुट्टी लागली की मोठ्या मुक्कामाला येऊ का? इथे कामाचं फार चाललंय."

मी म्हटलं, "ये की सावकाश. मला काय धाड भरलीय!"

फोन ठेवल्यावर मात्र वाईट वाटलं. आई आजारी आहे आणि लेकीला सुट्टी सुचते. आमच्या वेळी असं नव्हतं. ह्यांना तसं म्हटलं, तर हे म्हणाले, "तिने जे पाहिलं त्यावरून ती बोलली." हल्ली हे कोड्यात बोलतात.

१७ एप्रिल

तपासणी. बोटाला चिमटा लावतात, त्या यंत्राने म्हणे रक्तातला प्राणवायू कळतो. सिस्टर म्हणाली, "कमी दाखवतंय. नेलपॉलिशमुळे असणार. गडद पॉलिशने हे यंत्र फसतं. पुढच्या वेळी लावून येऊ नका हं मावशी." मागे रांग होती, तिने मला पुढे सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "धाप? खोकला?"

"कुठे काय?" खोकला कोरडा आहे, अधूनमधून. हवा बदलली की होतोच.

घरी आल्यावर हे पहिल्यांदाच चिडले. म्हणाले, "तू आता एका वाक्यात तीनदा थांबतेस."

मी म्हटलं, "मी विचार करून... बोलते. तुम्हाला त्याची... सवय नाही, एवढंच!"

"हेच," हे म्हणाले.

आता यात 'हेच' काय? मला राग आला. सरळ झोपून गेले. पण आडवं पडलं की बरं वाटत नाही, म्हणून तीन उशा घेतल्या.

२३ एप्रिल

ह्यांनी आज जबरदस्ती केली. तपासणीचा दिवस नसतानाही हॉस्पिटलला चल म्हणाले. मी तयार व्हायला बसले, पूर्ण मेकअप, मरून नखं. माझ्या हातून पाऊण तासाचं काम दीड तासात झालं. स्पंज धरूनच दम लागत होता. हे दारात उभे होते, डोळे मिटून.

सिस्टरने चिमटा लावला. "पॉलिश," ती म्हणाली.

"पुसा ते," हे म्हणाले. माझ्या नवऱ्याला परक्या माणसाशी एवढ्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "सिस्टर, पुसाच. खरा आकडा काय येतो तो मला कळू दे."

तिने स्पिरिटचा बोळा घेऊन माझं एक नख पुसलं. खालून सुजलेलं, पिवळट, कडेला फुटलेलं नख निघालं. मला लाज वाटली. तिने पुन्हा चिमटा लावला. आम्ही तिघं बघत होतो. आकडा तोच आला. पॉलिशवर जो आला होता तोच.

सिस्टरने काही न विचारता नवा बोळा घेतला आणि माझे ओठ पुसले. मग ती धावत डॉक्टरीणबाईंना आणायला गेली.

२६ एप्रिल

हॉस्पिटलच्या पलंगावरून लिहिते आहे. नाकात प्राणवायूची नळी आहे, हाताला सुई. त्या गोळीनेच फुप्फुसाला सूज आणली. असं क्वचित होतं, पण होतं, आणि झालं की गोळी ताबडतोब बंद करायची आणि स्टेरॉइड सुरू करायचं. उशीर झाला तर माणूस जातो. डॉक्टरीणबाईंनी हे मला सरळ सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी ओल्या कापडाने माझा चेहरा स्वतः पुसला. हळूहळू, एकेक थर करून. हिरवाही निघाला. खालचं सगळं पुरळ बघून त्या खुर्चीत बसल्या.

"हे कधीपासून आहे काकू?"

"जानेवारीपासून."

"का लपवलंत?"

"तुम्ही म्हणालात त्रास झाला तर... गोळी थांबवणार."

मग उठून त्यांनी कपाट उघडलं. आत मलमाच्या ट्यूबांची चळत होती. "पुरळासाठी गोळी थांबवत नाही हो आम्ही. मलम देतो. फारच झालं तर थोडे दिवस एक साधी अँटिबायोटिक. गोळी थांबवायची ती श्वासासाठी. आणि श्वासाचं तर तुम्ही मला कळूच दिलं नाहीत."

तीन महिने मी तोंडाची आग सोसली आणि औषध माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. हसावं की रडावं ते कळेना. दोन्हीला श्वास पुरत नव्हता.

२७ एप्रिल

काल एक गोष्ट लिहायचा धीर झाला नाही. डॉक्टरीणबाई जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि बाकीचे? त्यांनाही पुरळ नाही म्हणून मी मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगून आले."

मी पांघरुणात तोंड घातलं. मग सांगितलं.

२९ एप्रिल

कंडक्टरबाई आणि पोस्टमास्तर भेटायला आले. दोघांचेही चेहरे धुतलेले. पोस्टमास्तरांच्या गालावरचं पुरळ तर चिघळलं होतं, त्यावर मी थर दिले होते. मला त्यांच्याकडे बघवेना. ते म्हणाले, "अहो, मी स्वतः खुर्चीत येऊन बसलो होतो की. पत्ता चुकला, पण टपाल पोचलं." दोघांनाही मलम मिळालंय. दोघांची फुप्फुसं तपासली, ती ठीक आहेत. हे ऐकलं तेव्हा मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

डॉक्टरीणबाईंना मात्र सगळ्या हॉस्पिटलांना पत्र पाठवून आपली नोंद चुकली असं कळवावं लागलं. का चुकली तेही. कंडक्टरबाई म्हणाली, दुसऱ्या एका हॉस्पिटलातून कुणीतरी विचारलंय की तुमच्या त्या मेकअपवाल्या बाईंचा नंबर मिळेल का, तपासणी झाल्यानंतरच्या वापरासाठी. मला हसू आलं आणि नळी निघाली. सिस्टर ओरडली.

८ मे

घरी आले. गोळी नाही. रोज सकाळी हात आपोआप औषधाच्या डब्याकडे जातो आणि रिकामा परत येतो. गाठ आत बसून काय करत असेल? बटण पुन्हा चालू झालं असेल का? हे सगळं मी भीत भीत ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "मला गाठ ऐकू येत नाही. तू ऐकू येतेस. आज तू वाक्यात एकदाच थांबलीस." मग हे माझ्या उशा नीट करायला लागले. इतके महिने हे डोळे मिटून काय ऐकत होते ते मला आता समजलं. मी ह्यांचा हात धरून ठेवला. म्हटलं, चुकलंच माझं.

२८ मे

स्कॅन. सूज ओसरली. गाठ आहे तेवढीच, वाढलेली नाही. अभ्यासातून मात्र माझं नाव गेलं, नियमच आहे तसा. पण याच जातीची दुसरी, जुनी गोळी कमी मात्रेत देऊन बघता येईल, असं डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या वरिष्ठांशी बोलून ठरवलंय. धोका आहे. सूज पुन्हा येऊ शकते. दर आठवड्याला तपासणी करायची, डोळ्यात तेल घालून.

"एका अटीवर," त्या म्हणाल्या.

"धुतलेलं तोंड," मी म्हटलं.

"आणि कोरी नखं. आणि काकांना सोबत आणायचं. तुमच्यापेक्षा माझा त्यांच्या कानांवर विश्वास आहे."

हे लाजले. खरंच लाजले.

१० जून

ती दुसरी गोळी सुरू होऊन काही दिवस झाले आणि आज सकाळी नाकाच्या बाजूला पहिली लाल पुटकुळी आली. मी आरशासमोर किंचाळले. हे धावत आले, त्यांना वाटलं पडले. "अहो, आली!" मी म्हटलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, पुरळ म्हणजे गुण आला असं नाही हं, पण गोळी पोचतेय एवढं खरं. मलम लावा. लावलं. श्वास ठीक आहे. दोन जिने न थांबता चढले, तिसऱ्यावर थांबले. फोनचं नाटक केलं नाही.

संध्याकाळी लेकीचा कॉल होता. सहा वाजता सवयीने आरशासमोर बसले, पेटी उघडली, हिरवा करेक्टर बोटावर घेतला. एप्रिलमध्ये काय झालं ते मी तिला अजून नीट सांगितलंच नव्हतं. थोडा त्रास झाला होता, आता बरी आहे, एवढंच. कॉल आवाजाचेच करत होते, कॅमेरा बिघडलाय असं खोटंच सांगून. मी बोट पुसलं, पेटी मिटली आणि बसून राहिले. तो तास फार मोठा गेला. एवढी भीती मला स्कॅनच्या यंत्रातही वाटली नव्हती.

सातला फोन वाजला. मी कॅमेरा चालू केला.

ती बघतच राहिली. पुरळ, स्टेरॉइडने सुजलेले गाल, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, विरळ झालेल्या भुवया. लहानपणीसुद्धा तिने मला असं पाहिलेलं नव्हतं. ती उठायच्या आत मी तयार होऊन कामावर गेलेली असायचे.

"हा माझा चेहरा," मी म्हटलं. "बाकी सगळं सांगते, पण आधी बघून घे."

तिने मान वळवून पलीकडच्या खोलीत जावयांना हाक मारली, "अहो ऐकलंत का, उद्याचं विमान मिळतंय का बघा."

"अगं, आता नको येऊस, आता मी खरंच बरी आहे!" मी म्हटलं. एका दमात म्हटलं, मध्ये न थांबता. ह्यांनी बाजूला बसून मान डोलावली.

"ते मी येऊन बघते," लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती. "हलू नकोस आई. अजून थोडा वेळ अशीच बस. मला बघू दे."

मी बसून राहिले.